बाल्कनी खोलीत धरायची की नाही

वाशीत नवीन राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमधल्या मोठ्या माणसांचा एकच विषय असायचा: भिंतींच्या आतला कार्पेट एरिया किती आणि भिंती धरून बिल्ट-अप किती. आम्ही मुलं ते ऐकतच वाढलो, आणि त्याचा उपयोग पुढे जादूत झाला.

मी कॉलेजात असताना, ऐंशीच्या दशकात, बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने परदेशातून एक खेळ आणला. जाडजूड नियमांचं पुस्तक आणि चित्रविचित्र फासे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. गोष्ट सांगायचा धाकटा भाऊ. भुयाराचा नकाशा काढायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने आमच्या फ्लॅटचाच प्लॅन घेतला आणि त्यावर सोंगट्या मांडल्या. हॉलमध्ये राक्षस. शेजारची मैत्रीण तलवारवाली, ती बाहेर जिन्यात. मी जादूगारीण, माझी सोंगटी म्हणजे कॅरमची राणी, ती बाल्कनीत. अख्खी सुट्टी खेळून मी त्या जादूगारणीची ताकद वाढवत नेली होती.

मी बाल्कनीच्या दारातून हॉलमध्ये अग्निगोळा टाकला. राक्षस खलास. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तर भाऊ पुस्तक वाचत बसलेला.

"ताई, आग ठरलेली जागा भरेपर्यंत पसरते. आपला हॉल तेवढा नाहीये. उरलेली बाहेर येणार."

"बिल्ट-अप धर," मी म्हटलं.

"आग भिंतीत शिरते का? कार्पेटच धरणार."

"मग माळा धर," मैत्रीण म्हणाली. "आमच्या माळ्यावर तर दोन गाद्या नि गणपतीचं मखर मावतं."

माळा धरला. पॅसेज धरला. मैत्रीण संडासही धरायला निघाली, पण त्याचं दार बंद होतं असं भावाने जाहीर केलं. तरी आग उरलीच. हसून हसून आमची पोटं दुखायला लागली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जागेवरून भांडायला बाहेरची माणसं कमी आहेत का?"

आता उरली बाल्कनी. ती उघडी असेल तर आग वर आकाशात जाणार आणि कोपऱ्यातली मी वाचणार. बंद असेल तर तीही भरणार, माझ्यासकट.

"प्लॅनमध्ये उघडी आहे," मी ठासून सांगितलं.

भावाने पुस्तक मिटलं. "म्हणजे ती बाल्कनी आहे?"

मला डाव कळला. दिवाळीत बाबांनी बाल्कनीला ग्रिल आणि काचा बसवून घेतल्या होत्या. तेव्हापासून मी तिथे माझी कॉट टाकली होती, आत्ताही आम्ही तिच्यावरच बसून खेळत होतो, आणि ती माझी खोली आहे, असं घरात रोज बजावत होते. भावाची सायकल मी तिथून जिन्याखाली हाकलली होती.

"बाल्कनी असेल तर सायकल आजच वर आणतो," तो म्हणाला.

"अगं, हो म्हण की. राणी वाचेल," मैत्रीण कुजबुजली.

मी राणीकडे पाहिलं. मग माझ्या कॉटकडे पाहिलं, खिडकीत वाळत घातलेल्या ओढणीकडे पाहिलं.

"खोली आहे," मी म्हटलं. "जाळ मला."

त्याने राणी उचलून कॅरमच्या डब्यात टाकली. मैत्रीण हसता हसता कॉटवरून खाली पडली. मी तिला दटावून सांगितलं, माझ्या खोलीत नीट बसायचं.