गोजरचं बोचकं

नवरा महिपत गेला तेव्हा गोजरच्या वाट्याला निम्मं घर, दिराची करडी नजर आणि महिपतचा एक जाडजूड कोट आला. महिपत कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होता, तापानं गेला. तो कोट तिनं मुरबाडच्या बाजारात एका गाडीवानाला दिला आणि बदल्यात भाताची गोण आणली. गाडीवानाला तसा नवा कोट साता जन्मात मिळाला नसता. तिच्या पेटीत कोटाला कसर लागली असती. गोजरला धंदा कळला तो तिथं.

मग ती मुरबाड-शहापूरच्या बऱ्या घरांतून उतरलेली कापडं घेऊ लागली. मास्तरांचे सदरे, वाणिणींची लुगडी, कारकुनांची धोतरं. त्यांच्या पेट्या रिकाम्या होत आणि बदल्यात घरात नागली, मध, हिरडे येत. ती कापडं राखेच्या पाण्यात उकळी, फाटलेलं सांधी आणि बोचकं डोक्यावर घेऊन डोंगराकडच्या पाड्यांवर नागली, मध, हिरड्यांच्या बदल्यात विकी. तिथली माणसं थंडीत अंगभर कापड घालू लागली. पण तिच्याच गावात ती शिरली की बायका पोरांना घरात ओढत.

धाकटा दीर धोंडी तर दारातच उभा राही.

"मढ्यावरची कापडं घरात आणतेस, वयनी. मरी आणशील गावात."

"जित्यांची हायत रे. नि उकळल्यावर मरी मरते. तुझी जीभ तेवढी मरत नाय."

एका साली गावात पटकी आली. माणसं दगावली. गाव जिचं पाणी पीत होतं त्या विहिरीकडे कुणी बघितलं नाही. धोंडीनं गोजरचं बोचकं खळ्यात ओढत नेलं, घासलेट ओतलं आणि काडी लावली. सगळं गाव बघत होतं. धोंडीची बायको कमळ तेवढी पदर तोंडाला लावून मागे सरली. गोजर रडली नाही. जळणाऱ्या लुगड्यांकडे बघून म्हणाली, "शेकून घ्या. फुकटची ऊब हाय." आणि खळ्यात थुंकून मुरबाडला निघून गेली. तिथं अंबूबाई तेलिणीनं तिला पडवी दिली.

मग दुसरी मोठी लढाई लागली आणि बघता बघता कापड नाहीसं झालं. परवान्यावर मिळे ते जाडंभरडं मांजरपाट, तेही दुकानदाराच्या ओळखीच्याला. बाकीचं मागच्या दारानं जाई. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत गोजरनं आंब्याखाली बोचकं सोडलं की झुंबड उडे. पोरांना आत ओढणाऱ्या बायका आता तिच्यासमोर उकिडव्या बसून लुगडी उलटीपालटी करत. तिनं भाव वाढवला नाही. दया म्हणून नव्हे. त्यांना आपल्यापुढे बसलेलं बघण्यातच तिला हवं ते मिळत होतं.

एका जत्रेत धोंडी आला. मुंडासं कपाळावर ओढलेलं.

"घरात मायलेकींत एकच लुगडं उरलंय. एक बाहेर पडली की दुसरी दाराआड बसते. बाळीला बघायला येणार हायत."

"मढ्यावरचं चालंल?"

गोजरनं आंब्याखालीच मांडलेल्या चुलीवरच्या हंड्याकडे बोट केलं. "त्यात आज आणलेली कापडं हायत. काठी घे, ढवळ. सगळ्यांच्या देखत. मग देते."

"माझा हात नाय लागायचा."

"मग पोरीला दाराआडच बसव."

तो तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी कमळ आली ती भांडायलाच.

"तुम्ही दोघं एकमेकांची नरडी धरा, जाऊबाई. माझी पोर का कोंडून ठेवता?" तिनं पदराखालून एक जरीचा फेटा काढून आपटला. धोंडीचा लग्नातला. "पेटीत सडतोय. हा घ्या नि मला दोन लुगडी द्या."

गोजरनं फेटा उलगडला. जर अजून लखलखत होती. खूप वर्षांनी ती खदखदून हसली. तिनं दोन चांगली लुगडी काढली, वर चोळीचा खण ठेवला. कमळनं हसून दाखवलं नाही, आभारही मानले नाहीत.

फेटा शेजारच्या गावच्या नवऱ्यामुलानं घेतला. वरात धोंडीच्याच दारावरून गेली. फेटा ओळखून धोंडी थेट मुरबाडला धावला आणि भर बाजारात ओरडला, "माझा फेटा विकलास, रांडे!"

"विकला. तुझ्या बायकोनं दिला. तो एका नवरदेवाच्या डोक्यावर हाय, तुझी पोर लुगड्यात हाय. यात नुकसान कुणाचं झालं ते मोठ्यानं सांग, लोकं ऐकतायत."

बाजार हसला. धोंडीनं हात उगारला, पण अंबूबाई तेलाचं माप हातात घेऊन उभी राहिली, तसा तो मागे फिरला.

बाळीचं लग्न झालं. गोजरला बोलावणं आलं नाही आणि तिनंही वाट पाहिली नाही. कमळनं मात्र गावातली जुनी कापडं गोळा करायला घेतली. धोंडीनं तिला बडवलं, तरी घेतली. पुढच्या म्हशाच्या जत्रेत दोघी जावा आंब्याखाली एकाच पोत्यावर बसल्या. गोडीनं बोलत नव्हत्या, दिवसभर एकमेकींच्या चुका काढत होत्या, पण संध्याकाळी दोन्ही बोचकी रिकामी होती. धोंडी रस्त्याच्या पलीकडून, मान वळवून गेला. दोघींपैकी कुणीच हाक मारली नाही.