मॉलीची शर्यत आणि माझा लाडू

श्रूजबरीहून निघालो तेव्हा उजाडलंही नव्हतं, आणि पाऊस असा लागला होता की मी दार उघडून पुन्हा लावून घेतलं. "अरे, शर्यत कॅन्सल नाही का होणार?" मी अमेयला विचारलं. अमेय माझा भाचा, तिकडे अमेरिकेत श्रूजबरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. २००६च्या ऑक्टोबरात मी सांगलीहून त्याच्याकडे आले होते.

"उलट फिओना खूश आहे, मावशी. तिची घोडी चिखलातच पळते."

फिओना त्याच्या ऑफिसात काम करते. मूळची आयर्लंडची, तिशी उलटलेली. हौस म्हणून घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरते. मागे एकदा ती आमच्याकडे जेवायला आली आणि काकडीची कोशिंबीर तेवढी खाऊन उठली. माझी पुरणपोळी तशीच राहिली. तो राग माझ्या मनात होता, खोटं कशाला बोलू.

घोडीचं नाव मॉली. तिचा जन्म फिओनाच्या गावचा, तिच्या डोळ्यांदेखतचा. पुढे वॉल्टर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी ती विकत घेतली आणि अमेरिकेत आणली; शर्यतीत स्वार मात्र फिओनाच. पण कोरड्या, टणक जमिनीवर मॉलीचं मन लागेना. गेल्या काही शर्यतींत ती अडथळ्यापाशी जाऊन ठाम उभी राहिली. वॉल्टर कंटाळले. आज पहिल्या तिघांत आली तर ठेवायची, नाहीतर दूर पश्चिमेकडच्या एका गिऱ्हाइकाला विकायची, असं त्यांनी फिओनाला सांगून टाकलं होतं.

छापून आणलेल्या नकाशावर विसंबल्यामुळे एक एक्झिट चुकली आणि आम्ही एका भोपळ्यांच्या शेतात जाऊन पोचलो. शेतकरीणबाईंनी रस्ता सांगितला, वर सफरचंदं दिली. पाऊस थांबला तेव्हा न्यू जर्सीतल्या त्या टेकड्या समोर आल्या. झाडं हळदी-कुंकवाच्या रंगांनी भरलेली, आणि खाली हिरव्यागार उतारावर गाड्याच गाड्या. तिकडे टेलगेट करतात (गाडीची मागची फळी उघडून तिथेच पंगत मांडतात). डोक्यावर फुलांच्या टोप्या आणि पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अशा बायका मी प्रथमच पाहिल्या.

आम्हीही पंगत मांडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू. शेजारच्या गाडीतल्या आजींनी चटणी चमचाभर तोंडात टाकली, ठसका लागला, डोळे पुसले आणि आणखी मागितली. मला त्या तिथेच आवडल्या.

फिओना आम्हाला मैदान दाखवायला घेऊन गेली. हर्डल (घोड्याने उडी मारायचा झुडपी कुंपणासारखा अडथळा) माझ्या कमरेच्या वर येत होता. जमीन आमच्या काळ्या रानासारखी चिकट झालेली, माझी चप्पल रुतून बसली. बाकीचे लोक आकाशाकडे बघून चुकचुकत होते. फिओनाने मात्र टाच चिखलात रोवली आणि हसली. "आमच्याकडे याला हेवी ग्राउंड म्हणतात. मॉलीला वाटेल, घरी आलेय."

मी लाडू पुढे केला. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की मला गलबलून आलं. "काल दुपारपासून काही खाल्लं नाहीये," ती म्हणाली. "खोगीर घेऊन काट्यावर उभं राहावं लागतं. वजन ठरलेलं असतं. शर्यतीआधी जास्त चालत नाही, नंतर कमी चालत नाही."

कोशिंबिरीचं कोडं तिथे सुटलं. पण उपाशी माणसाला कामगिरीवर पाठवायचं? मी डब्यातलं दहीसाखर काढलं, कामाला निघालेल्याच्या हातावर ठेवतात ते समजावून सांगितलं. तिने बोटाच्या टोकाला लागेल एवढंच चाटलं. "लाडू मात्र परत येऊन," ती म्हणाली. मी तो वेगळा बांधून ठेवला.

शर्यत सुटली आणि पहिल्याच वळणावर सगळे घोडे एका रंगाचे झाले. मॉली मागे होती. एक घोडा घसरला, स्वार उठून उभा राहिला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दमलेले घोडे एकेक करून बाजूला काढले जाऊ लागले. मॉली घाई करत नव्हती. पाय उचलायची, ठेवायची, हर्डल आला की उडी. शेवटच्या हर्डलपाशी आमच्या शेजारी उभ्या असलेल्या वॉल्टरनी डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. मॉलीने उडी मारली आणि दुसरी आली.

मला राहवतंय कुठे? लाडू घेतला आणि धावले. फिओना उतरून, खोगीर छातीशी धरून येत होती. चिखलाने डोळे तेवढे दिसत होते. मी दोरीखालून वाकून लाडू थेट तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ घट्ट मिटले आणि दोन पावलं मागे सरली. मागून अमेय ओरडला, "मावशी, थांब. वजन व्हायचंय अजून. काही घेतलं तर डिस्क्वालिफाय करतील."

मी जागच्या जागी गोठले. वॉल्टर पांढरेफटक पडले होते. माझ्या एका लाडवापायी ती घोडी विकली गेली असती. काट्यावरचा अधिकारी माझ्या लाडवाकडे बघत होता, मी त्याच्याकडे. जन्मभर लोकांना आग्रह करकरून वाढलं, पण वाढायला आणलेला घास हातात धरून ठेवणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं.

फिओना काट्यावर चढली. अधिकाऱ्याने आकडा वाचला आणि हसला. "कमी कुठलं, चिखलासकट जास्तच भरलंय."

मग तिने माझ्या हातातूनच लाडू खाल्ला. डोळ्यांतल्या पाण्याने गालांवरच्या चिखलात दोन वाटा पडल्या. वॉल्टरही एक लाडू घेऊन मॉलीची मान थोपटत राहिले. "मॉली आता कुठे जात नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी या बाईंना दोरीच्या पलीकडे ठेवा."

परतीच्या वाटेवर डबा रिकामा होता आणि अमेयच्या गाडीत आयर्लंडला पुरेल एवढा चिखल होता. सांगलीला येऊन आता बरेच दिवस झाले. पाहुण्यांना आग्रह अजून करते, तो स्वभाव जायचा नाही. पण कुणी पानावरून नुसतीच कोशिंबीर खाऊन उठलं, तर रागावत नाही. लाडू वेगळा बांधून ठेवते.