बत्तीस बोअर आणि माझं धुळ्याला जाणं

आमच्या लोखंडी कपाटाला दोन किल्ल्या लागतात. एक यांच्या करगोट्याला असते, आंघोळीतसुद्धा. दुसरी कुठं असते ते लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी मला कळलेलं नाही. आत यांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे.

माझे यजमान पोलीस खात्यातून फौजदार म्हणून रिटायर झाले. आम्ही जळगावात राहतो. नोकरीत यांच्या कमरेला आधी अडतीसचं होतं, मग नऊ एमएमचं पिस्तूल आलं. हे म्हणतात, अडतीसचा नुसता धक्का आणि नऊ एमएमचा नुसता आवाज, हातात बसावं ते बत्तीसच. चहा देताना मी हे इतक्यांदा ऐकलंय की एखादं वाक्य राहिलं तर मला चुकल्यासारखं होतं. यावलला असताना यांनी एका पिसाळलेल्या कुत्र्यावर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही केळीच्या खोडात गेल्या आणि कुत्रं निघून गेलं. "बत्तीस असतं ना," असं म्हणून हे अजूनही मान हलवतात.

पहिलं बत्तीस धरणगावच्या एका मारवाडी दुकानदाराकडून घेतलेलं, जुनं विलायती. ते मधेच अडकायचं. दुसऱ्याचा चाप इतका जड की यांचं बोट सुजलं. आताचं हे तिसरं. दर रविवारी जेवायच्या टेबलावर पेपर पसरून त्याची साफसफाई होते. त्याला माझ्या जुन्या सुती लुगड्याचंच फडकं लागतं. नवीन कापड चालत नाही. त्या दिवशी वरणालाही तेलाचा वास येतो.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण आमच्या घराला कुलूप लागत नाही. हत्यार रिकाम्या घरात सोडायचं नाही. माझ्याबरोबर घरात ठेवून हे बाहेरगावी जात नाहीत, कारण लायसन माझ्या नावाचं नाही. धुळ्याला सोबत न्यावं तर लायसन जळगाव जिल्ह्यापुरतं. आणि मी एकटी जाते म्हटलं तर, "मी काय खाऊ?" मुलगी धुळ्यात दिली आहे. तिची वास्तुशांत झाली, नातीचं जावळ झालं, मी दोन्ही फोटोत पाहिलं.

फक्त निवडणूक आली की मी सुटते. आचारसंहितेत सगळ्यांची हत्यारं पोलीस स्टेशनात जमा होतात. मागच्या वेळी आम्ही धुळ्याला दहा दिवस राहिलो. तेव्हापासून टीव्हीवर निवडणुकीचं काही निघालं की मी पदर खोचून समोर बसते. शेजारणीला वाटतं मला राजकारणाची आवड आहे.

या वेळी निवडणूक झाली आणि मुलीला आठवा महिना लागला. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. प्रवास बंद. विहीणबाईंचे गुडघे गेलेत, तरी त्यांनी फोन केला, "बठ्ठं तयार शे, तुम्ही फक्त या." सगळी तयारी त्यांनी करून ठेवली होती. मी यांना म्हटलं, "अहो, हत्यार जमाच आहे. बाळंतपण होईपर्यंत राहू द्या तिथं."

"तसं चालत नाही. आचारसंहिता उठली की उचलावं लागतं."

पोलीस खात्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? दुसऱ्याच दिवशी बाजारातून येताना हे मला घेऊन हत्यार उचलायला पोलीस स्टेशनात गेले. हे आत साहेबांना बत्तीसचं समजावत बसले. मी बाहेर बाकावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. एका महिला पोलिसानं पाणी दिलं, चौकशी केली. मी परक्या माणसाशी फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "आता यांचं हत्यार घरी आलं की पुढच्या निवडणुकीपर्यंत मला लेकीकडे जाता येणार नाही."

ती हसली. "असं काही नसतं काकू. गावाला जायचं असलं की अर्ज द्यायचा, आम्ही कधीही ठेवून घेतो. तुमच्या साहेबांनी स्वतः नोकरीत किती जणांची ठेवून घेतली असतील!"

रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

यांनी रिक्षावाल्याला उजवीकडे घे म्हणून सांगितलं. मी पुन्हा विचारलं.

"माहीत होतं," म्हणाले. "पण तिथं कशी ठेवतात तेही माहीत आहे. घामट हातानं घेतात, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात टाकतात. गंज चढतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच ठेवायचो ना लोकांची."

म्हणजे इतकी वर्षं लोकांची हत्यारं यांनी गंजवली आणि शिक्षा मला. रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून मी पिशवीतली भाजी निवडायला घेतली. घरी आल्यावर पिशवी भरली. डाळ-तांदूळ एका डब्यात मिसळून ठेवले, कुकरच्या शिट्ट्या तीन हे सांगितलं. "तुम्ही बसा तुमच्या बत्तीसपाशी," म्हटलं, "मी धुळ्याला चालले." यांना वाटलं मी बसस्टँडवरून परत येईन. मलाही तसं वाटत होतं. पण बस लागलेलीच होती.

मुलगी सुखरूप सुटली. मुलगा झाला. यांना फोन केला तर आधी बाळाचं वजन विचारलं. मग म्हणाले, "येतो. उद्याच अर्ज देतो."

तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. मी फोन लावला. जमा केलं होतं, तेल लावून, माझ्या लुगड्यात गुंडाळून.

"मग निघा की!"

"कसा निघू? पावतीवर अडतीस बोअर लिहून दिलंय तिथल्या हवालदारानं. दुरुस्त करून घेतल्याशिवाय जागचा हलत नाही."

मी फोन ठेवून दिला. बाळ अंगावर झोपलं होतं, नाहीतर आणखी बोलले असते. बाराव्या दिवशी बारसं आहे. तोवर ती पावती बत्तीसची झाली तर आजोबा येतील. नाही झाली तर या वेळी फोटो यांनी बघावेत.