शेंदरी दगड

पटकीने गावातली दोन माणसं नेली आणि तालुक्याचा कारकून माझ्या शाळेत येऊन बसला. मळ्याकडच्या विहिरीचं पाणी खराब आहे, तिथे सूचना लिहा, म्हणाला. कामरगावच्या आसपास सुवाच्य अक्षर ते माझंच, असा मला तोरा होता. पहिला मजकूर अकरा ओळींचा झाला. ‘तमाम लोकांस जाहीर करण्यात येते की’ इथून सुरुवात. वाचता वाचता मलाच तहान लागली. मग खोडत खोडत चार शब्दांवर आलो : ‘पाणी पिऊ नका. मराल.’

लाल निशाण दिसलं की आगगाडी थांबते, हे मी कारंजा स्टेशनात पाहिलं होतं. म्हणून विहिरीकाठचा मोठा दगड तेलात कालवलेल्या शेंदराने माखला, वर काजळीने अक्षरं काढली आणि स्वतःवर खूश होऊन परतलो. आमचं पाणी शाळेजवळच्या विहिरीचं, म्हणून घरी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आलो तर बायको दारात उभी. सातवा महिना होता तिला. हातात तांब्या, कपाळभर कुंकू.

“मळ्याच्या विहिरीवर मरीआई निघाली. सारं गाव नारळ फोडून राह्यलं. तीर्थ आनलं. आधी तुमी घ्या, मंग मी घेतो.”

तांब्या हिसकावून अंगणात भिरकावला. “तू प्यालीस? घोटभर तरी? खरं सांग!”

“तुमच्या आधी कशी पिईन मी?” ती रडायला लागली. ओरडत होतो तिच्यावर, पण चीड माझीच मला आली होती.

धावत विहिरीवर गेलो. हळदीकुंकवाखाली माझं एकही अक्षर दिसत नव्हतं. बायका घागरी भरत होत्या. एका माळणीची घागर धरली.

“मास्तर, देवीच्या पान्यात कायले हात घालता?” म्हणत तिने ओंजळभर पाणी पिऊनही टाकलं.

मी वाद घातला नाही. शेजारच्या कुंपणातल्या बाभळीच्या काट्या ओढून विहिरीच्या तोंडावर टाकल्या. वाटेवर काटी पडली की वाट बंद, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बायका निमूट मागे सरल्या. तिथे एक शब्दही लिहायची गरज नव्हती.

ती माळीण चार दिवसांनी गेली.

काट्या टाकल्या त्याच रात्री माझ्या तळहातातले काटे काढता काढता बायकोने विचारलं, “दगडावर तुमी काय लिव्हलं होतं?” मी सांगितलं.

“मले वाचता येत नाही, हे तुमाले मालूम नव्हतं?”

मालूम होतं. सहा वर्षं मी गावाला बाराखडी शिकवत होतो, आणि घरात एकदाही तिच्या हाती पाटी दिली नव्हती.