लाली डर्बीत कितवी आली?

मंडळी, आज दुपारी पोशेऱ्याला आमच्या अंगणात डर्बी झाली. ऐकाच.

माझी लेक तनू तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेत हरून मोखाड्याहून घरी आली. मी दारातच विचारलं, "कितवी आलीस?" ती रडायलाच लागली आणि थेट माठाकडे धावली. माझ्या वडिलांनी तिला अडवलं. "थांब. आधी गार हो. फिरवतो तुला."

बाबा मुंबईच्या रेसकोर्सवर सईस होते, घोड्यांची निगा राखायचे. धावून आलेल्या घोड्याला फिरवून गार केल्याशिवाय पाणी पाजायचं नाही, हा त्यांचा नेम.

"बाबा, घोडी आहे का ती?" मी ओरडले. पण तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांच्या फेऱ्या सुरूही झाल्या होत्या.

फिरता फिरता डर्बीचा इतिहास निघाला. साहेबाच्या देशातून आलेली, तरण्या घोड्यांची मानाची शर्यत. घोड्याला ती जन्मात एकदाच धावता येते. पुढच्या वर्षी वय निघून जातं.

"मग हरला तर?" तनूचं रडणं थांबलं होतं.

"जो जिंकला त्याचं नाव लिवून ठेवतात. माझी घोडी लाली नाय जिंकली."

"कितवी आली?"

"ते ध्यानात नाय. पण परत आली तवा दमून माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं व्हतं तिनं. ते ध्यानात हाय."

तनूने चालता चालता आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग त्यांनी तिला तांब्याभर पाणी दिलं.

तुमचं लेकरू धावून घरी आलं, की दारात तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो?