नाडी नसलेली पिशवी

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर आधीच वेडंवाकडं, त्याबद्दल राग मानू नका. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पण मावशीबद्दल भीत भीत लिहिलं तर तिलाच आवडलं नसतं.

मावशी, म्हणजे सगळा कारखाना तिला मावशीच म्हणायचा, रोज संध्याकाळी कारखान्याच्या दारात आपली पिशवी उलटी करायची. आमचा हिमरूचा, म्हणजे रेशमी नक्षीच्या कापडाचा कारखाना. पुरुष मागावर विणायचे, आम्ही बायका रेशमाच्या कांड्या भरायचो. पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, पण दारातली झडती तशीच राहिली. रेशीम बाहेर जाऊ नये म्हणून जमादार प्रत्येकीला थांबवायचा.

बाकीच्या जणी मान खाली घालून पुढं सरकायच्या. मावशी तिथंच फतकल मारायची आणि एकेक वस्तू नाव घेऊन मांडायची. चुन्याची डबी, अडकित्ता, सुई, दुपारचा उरलेला अर्धा कांदा. मागं रांग खोळंबायची.

"क्या मौसी, दुकान लगारी क्या?" जमादार वैतागायचा.

"कांदा पायजे का? ताजा हाय," ती म्हणायची.

त्या पिशवीत निजामाच्या वेळचा एक रुपयाही होता. बाजारात तो कुणी घेईना. कशाला ओझं वागवतेस, असं मजुरीची वही लिहिणाऱ्या मुनशीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "चालंना झाला म्हणून टाकू व्हय? मग उद्या मलाबी टाकशील."

पिशवीला नाडी नव्हती. मावशीनं ती स्वतःच ओढून काढली होती. तुम्हीही पाहिलं असेल, माणूस जवळ काय बाळगतो आणि ते कसं ठेवतो, यावरून तो बराच कळतो. मी सगळं कनवटीला बांधायचे, पदराआड, दोन गाठी मारून.

माझ्या गाठीत पेन्सिलीचा तुकडा आणि घडी घातलेला कागद असायचा. जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीकडं तोंड करून त्यावर दोन-दोन ओळी लिहायचे, कारखान्यातल्या बायकांबद्दल. मावशीबद्दलही होत्या. कुणी वाचल्या असत्या तर मी पुन्हा कामावर आले नसते.

एका शनिवारी रेशमाची एक लडी कमी भरली. जमादारानं माझ्या कंबरेकडं बोट केलं आणि गाठ सोडायला सांगितलं. मी गाठ मुठीत घट्ट धरली, सोडली नाही. मुनशीनं आठवड्याची पूर्ण मजुरी कापली, चार रुपये दोन आणे. वहीत माझ्या नावापुढं 'चोरी' असं लिहिलं. तेवढं मला उलट्या बाजूनंही वाचता आलं.

सोमवारी लडी सापडली. रंगाऱ्याकडं एकीऐवजी दोन गेल्या होत्या. मी खूश झाले, पण मुनशी म्हणाला, एकदा कापलेला दंड परत देण्याची रीत नाही.

संध्याकाळी मावशी दारात बसली. पिशवी उलटी केली, सगळ्या वस्तू मांडल्या आणि उठलीच नाही. "आधी हिची मजुरी द्या," एवढंच जमादाराला म्हणाली. बाहेर टांगा उभा होता, त्यात दुकानात जायचे ताके भरायचे होते. टांगेवाला आत डोकावून बघत होता. मावशीमागं दुसरी बसली, मग तिसरी. शेवटी दार बायकांनी भरून गेलं. मी मात्र भिंतीला चिकटून उभी होते.

मालक आला. त्याला वाटलं, सगळं भांडण गाठीवरून आहे. हिनं गाठ उघडून दाखवावी, म्हणजे विषय संपेल, असं तो समजावणीच्या सुरात म्हणाला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझा हात कंबरेकडं गेला.

"हात काढ तिथून," मावशी मला म्हणाली. मग मालकाकडं वळली. "मी पिशवी उघडी ठेवते ती माझ्या खुशीनं. हिची गाठ हिची हाय. लडी घावली ना? मग आता आत काय का असंना."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. हर्सूलच्या तिच्या घरी मी भेटायला जायचे तेव्हाही त्या गाठीत काय होतं, हे तिनं कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मालकानं अडकून पडलेल्या ताक्यांकडं एकदा बघितलं. मग मुनशीला वही आणायला सांगितलं. मुनशीनं 'चोरी'वर आडवी रेघ मारली आणि माझ्या हातावर चार रुपये ठेवले. मी ते घेऊन निघाले असते. पण मावशी अजून बसलेलीच होती, आणि तिच्याकडं बघून माझ्याच तोंडून निघालं,

"दोन आणे राहिले."

मुनशीनं खिशात हात घालून दोन आणे काढून दिले. तेव्हा मावशीनं कांदा, डबी, अडकित्ता, सुई आणि तो रुपया पिशवीत भरला.

ते चार रुपये दोन आणे मी कनवटीला बांधले नाहीत. जमादारासमोरून उघड्या हातावर धरून बाहेर पडले आणि तसेच घरापर्यंत नेले.