टीव्हीवरचे पत्ते आणि सहीचा कागद

मंदी आली त्या साली ह्यांची बांधकामाची साइट बंद पडली आणि हे शारजातल्या आमच्या खोलीत दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. दुपारी पत्त्यांची स्पर्धा लागे, पोकर. काळा चष्मा लावलेला दाढीवाला, एक टोपीवाला म्हातारा, एक किडकिडीत बाई, आणि समोर पैशांऐवजी लावायच्या रंगीत चकत्यांचे ढीग. इंग्रजी मला कळत नव्हतं, पण एक्का, राजा, बदाम, किलवर कळत होतं. सगळ्यांचे झाकलेले पत्ते आपल्याला पडद्यावर दिसत, त्यांना एकमेकांचे दिसत नसत. दाढीवाल्याकडे काही नसलं तरी तो सगळ्या चकत्या पुढे सारी, आणि म्हातारा घाबरून दोन राजे टाकून देई. माझा जीव वरखाली होई.

"तोंड बघू नकोस," हे म्हणायचे. "हात बघ. थापाड्या हात अगदी गप्प ठेवतो."

मी भाजी निवडत हात बघे. मध्येच उठे, गॅस बंद आहे ना बघे, परत बसे. कंपनीचा फोन येत नव्हता.

एका शुक्रवारी ह्यांचे मॅनेजर स्वतःच घरी आले, पुण्याचे. त्यांनी कागद काढला. बिनपगारी रजेवर गावी जायचं, काम सुरू झालं की बोलावणार.

"पाच-सहा महिने फक्त, वहिनी. मुलांची आजीकडे मजा."

एरवी हा माणूस इतके हातवारे करी की कप सांडेल वाटे. आज दोन्ही हात गुडघ्यांवर, चहा निवलेला. ह्यांनी पेन उघडलं.

परक्यांसमोर मी बोलत नाही. दारातूनच म्हटलं, "सहा महिने बाहेर राहिलं की व्हिसा खलास होतो ना, भावोजी?"

"इन्शाल्ला, त्याआधी बोलावूच."

"मग तेवढं कागदावर लिहून द्या."

ते हसले, पण हात हलले नाहीत. "हेड ऑफिसला विचारावं लागेल."

ह्यांनी पेन मिटलं. "विचारून सांगा, सर."

ते गेल्यावर हे उखडले. "घालवलीस नोकरी. तुला काय कळतं त्यातलं?"

आठवड्याने खरंच कामावरून काढण्याची, महिन्याभराची नोटीस आली. तो महिना मला धड जेवण गेलं नाही. मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा ह्यांना जवळच्याच उम्म अल कुवैनमधल्या एका कारखान्यात काम मिळालं, कमी पगाराचं. तसल्याच कागदावर सह्या करून गावी गेलेल्या ह्यांच्या साइटवरच्या तिघांना कुणीच बोलावलं नाही. त्यांचे व्हिसे गेले.

हे शेजाऱ्यांना सांगत होते, "मला आधीच संशय आला होता. बायको घाबरट, ती तर सही करा म्हणत होती."

मी आत पोळ्या लाटत होते. मला राग यायला हवा होता. पण डोक्यात एकच, हा कारखाना तरी किती दिवस चालेल.